गुंतवताना असलेला नियम आणि काढताना असलेला नियम

मुद्दल (धागालेखक)

२४ मार्च २०२३ रोजी लोकसभेने वित्त विधेयक मंजूर केले, तेव्हा त्यात डेट फंडांवरील (मुख्यतः कर्जरोख्यांत पैसे ठेवणाऱ्या म्युच्युअल फंडांवरील) कराविषयी एक दुरुस्ती ऐनवेळी आली होती. १ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पीय भाषणात तिचा उल्लेखही नव्हता. देशांतर्गत समभागांत ३५ टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम न ठेवणाऱ्या फंडांची जी युनिट्स १ एप्रिल २०२३ पासून घेतली जातील, त्यांवरचा नफा ती कितीही वर्षे सांभाळली तरी अल्पकालीनच मानला जाईल आणि त्यावर आपापल्या स्लॅबप्रमाणे कर लागेल, असे त्या दुरुस्तीने ठरवले. तोपर्यंत तीन वर्षांनंतर विकलेल्या युनिट्सवर इंडेक्सेशनचा (खरेदी किंमत महागाईच्या प्रमाणात वाढवून धरण्याचा) लाभ घेऊन २० टक्के कर भरता येत असे.

मार्चच्या त्या शेवटच्या आठवड्यात उडालेली धांदल इथल्या अनेकांना आठवत असेल. ३१ तारखेच्या आत पैसे टाका आणि जुना नियम पदरात पाडून घ्या, असे वितरकांचे निरोप फिरत होते. त्यांत फसवणूक नव्हती, कारण कायद्याचा मजकूर त्या दिवशी तसाच होता. पुढे २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने इंडेक्सेशनच काढून टाकले. त्या तारखेनंतर विकलेल्या जुन्या युनिट्सवर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पूर्वी घेतलेल्या युनिट्सवरही, दोन वर्षांनंतर सरसकट १२.५ टक्के कर लागू झाला. आता हिशेब पाहा. मार्च २०२३ मध्ये घाईने पैसे टाकणाऱ्याला इंडेक्सेशन मिळण्यासाठी मार्च २०२६ पर्यंत थांबणे भाग होते आणि ती सवलत त्याच्या वीस महिने आधीच संपली. ज्या लाभासाठी ती सारी धावपळ झाली, तो त्या आठवड्यात घेतलेल्या एकाही युनिटवर कोणालाही मिळाला नाही. स्लॅबऐवजी १२.५ टक्के दर मिळाला, एवढे समाधान त्यांनी मानावे.

ज्यांनी त्याआधीच पैसे गुंतवले होते, त्यांचे किती बिघडले हे आकड्यांत मांडतो. कोणी २०१८-१९ मध्ये १० लाख रुपये डेट फंडात ठेवले आणि सहा वर्षांत, म्हणजे साधारण ७ टक्के वार्षिक वाढीने, त्यांचे १५ लाख झाले असे धरू. २०१८-१९ चा महागाई निर्देशांक २८० होता आणि २०२४-२५ चा ३६३. या माणसाने जुलै २०२४ च्या मध्यास पैसे काढले असते, तर त्याची खरेदी किंमत वाढवून १२,९६,४२९ रुपये धरली गेली असती, करपात्र नफा २,०३,५७१ रुपये आला असता आणि २० टक्क्यांनी कर सुमारे ४०,७०० रुपये झाला असता. महिनाअखेरीस काढले असते, तर ५ लाखांच्या संपूर्ण नफ्यावर १२.५ टक्क्यांनी ६२,५०० रुपये. उपकर दोन्हीकडे वेगळा. म्हणजे दर २० वरून १२.५ वर आला आणि कर दीडपट झाला.

माझा आक्षेप दराला नाही. कर किती घ्यायचा हा सरकारचा अधिकार आहे आणि १२.५ टक्के हा काही जुलमी दर नव्हे. आक्षेप एवढाच आहे की जुना नियम पाहून गुंतवलेल्या पैशाला नवा नियम लावला गेला. हे टाळता येते, याचे उदाहरण आपल्याकडेच आहे. २०१८ च्या अर्थसंकल्पात समभागांवरील दीर्घकालीन नफ्यावर पुन्हा कर बसवला, तेव्हा ३१ जानेवारी २०१८ पर्यंतची भाववाढ करमुक्तच राहील अशी तरतूद केली होती. २०२३ च्या दुरुस्तीनेही जुन्या युनिट्सना हात लावला नव्हता. २०२४ मध्ये मात्र हे पथ्य सुटले. त्यातही घरे आणि जमिनी असणाऱ्यांनी ओरड केल्यावर ऑगस्टमध्ये सरकारने त्यांना, २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या मालमत्तेपुरता, इंडेक्सेशनसह २० टक्के किंवा त्याविना १२.५ टक्के असा पर्याय दिला. डेट फंडवाल्यांना तो दिला नाही. त्यांची संख्या कमी आणि आवाज त्याहून कमी.

अशा परिस्थितीत दहापंधरा वर्षांचे नियोजन करताना आजची करसवलत हिशेबात कितपत धरावी, यावर जाणकारांची मते हवी आहेत.

वजाबाकी

धागा उत्तम आहे, पण पहिल्या भागाशी मी सहमत नाही. २०२३ पूर्वीची व्यवस्था न्याय्य होती हे आपण गृहीत धरले आहे. बँकेत मुदत ठेव ठेवणारा निवृत्त माणूस व्याजावर दरवर्षी स्लॅबप्रमाणे कर भरत होता आणि तीच रक्कम तशाच रोख्यांत फंडामार्फत गुंतवणारा सधन माणूस, वरच्या स्लॅबमध्ये असूनही, महागाई वजा करून उरलेल्या नफ्यावर २० टक्के भरत होता. महागाई दोघांनाही सारखीच होती. मार्चअखेर युनिट्स घ्यायची आणि तीन वर्षांनंतरच्या एप्रिलमध्ये विकायची, म्हणजे एका वर्षाचे इंडेक्सेशन जादा मिळते, हा तर मुदतबंद योजनांचा ठरलेला खेळ होता. ही पळवाट बुजवणे योग्यच होते. महागाईमुळे वाढलेल्या आकड्यावर कर घेऊ नये हे तत्त्व खरोखर मान्य असेल, तर ते मुदत ठेवींनाही लागू करा अशी मागणी व्हायला हवी होती. ती इतक्या वर्षांत कोणी केल्याचे मला आठवत नाही.

मुद्दल

पळवाट बुजवण्यास माझा विरोध नाही, आणि २०२३ चा बदल नव्या पैशापुरता होता म्हणून तो मी सभ्यच म्हणेन. ऐनवेळी, चर्चेविना आणला गेला ही तक्रार वेगळी. माझा रोख २०२४ वर आहे.

काठावरचा

कायद्याच्या भाषेत २०२४ चा बदल पूर्वलक्षी नाही, हे लक्षात घ्यावे. भांडवली नफ्यावरचा कर विक्रीच्या वेळी उत्पन्न होतो आणि नवा नियम २३ जुलैपासूनच्या विक्रीलाच लागू आहे. पूर्वलक्षी बदल कसा असतो ते पाहायचे असेल तर २०१२ ची दुरुस्ती पाहावी. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये भांडवली नफ्यावरील कराच्या वादात व्होडाफोन या दूरसंचार कंपनीच्या बाजूने निकाल दिला आणि त्याच वर्षी सरकारने कायदा मागील तारखेपासून बदलून तो निकाल निष्प्रभ केला. ती दुरुस्ती मागे घ्यायला २०२१ उजाडले, आणि तेही आंतरराष्ट्रीय लवादात हरल्यावर.

मात्र कायद्याचा हा बारकावा गुंतवणूकदाराच्या कामाचा नाही. पूर्ण झालेल्या व्यवहारावर मागाहून कर लावला काय किंवा अर्ध्यावर आलेल्या व्यवहाराचे नियम बदलले काय, त्याचे गणित दोन्हीकडे चुकते. फरक इतकाच की कंपनीला लवादाचे दार होते. दहा लाखांच्या डेट फंडासाठी कोणी लवादाकडे जात नाही.

जुनी वही

आपण सारे करावर बोलत आहोत, पण धोरणाचा फटका व्याजदरातून बसतो तो अधिक मोठा असतो आणि त्यावर धागे निघत नाहीत. पीपीएफचेच घ्या. एप्रिल २०२० पासून त्याचा दर ७.१ टक्क्यांवर गोठलेला आहे. त्या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर (ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ४ टक्क्यांवर होता, मे २०२२ पासून चढत फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५ टक्क्यांवर गेला आणि फेब्रुवारी २०२५ पासून पुन्हा उतरू लागला. पीपीएफ जागचा हलला नाही. अल्पबचतीचे दर सरकारी रोख्यांच्या परताव्याशी जोडावेत असे श्यामला गोपीनाथ समितीचे सूत्र आहे. ते काटेकोरपणे पाळले असते तर २०२०-२१ मध्ये आपल्याला ७.१ पेक्षा कमी मिळाले असते आणि २०२२-२३ मध्ये जास्त. सरकारने आधी आपल्याला झुकते माप दिले आणि मागाहून ते वसूल करून घेतले, असे म्हणता येईल.

सूत्र पाळण्याचा एक प्रयत्न झाला होता. ३१ मार्च २०२१ च्या संध्याकाळी पीपीएफचा दर ६.४ टक्क्यांवर आणणारा आदेश निघाला आणि १ एप्रिलच्या सकाळी तो अनवधानाने निघाला होता असे सांगून अर्थमंत्र्यांनी मागे घेतला. काही राज्यांत विधानसभा निवडणुकांचे मतदान चालू होते, हा योगायोग. तेव्हापासून दर ना खाली जातो ना वर.

चक्रवाढ

धागालेखकाच्या मूळ प्रश्नाकडे येतो. माझ्या मते सवलत दोन प्रकारची असते आणि दोहोंवर सारखा भरवसा ठेवू नये. एक सवलत कायद्यातील दराची किंवा वजावटीची असते. ती अर्थसंकल्पागणिक बदलू शकते. दुसरी त्या साधनाच्या रचनेतूनच येते आणि ती काढून घेणे सरकारला तितके सोपे नसते.

डेट फंडाचीच गोष्ट पाहा. इंडेक्सेशन गेले, पण कर विक्रीच्या वेळीच भरायचा ही सोय राहिली. मुदत ठेवीवर व्याज हाती पडो वा न पडो, साधारणतः दरवर्षी कर भरावा लागतो. १० लाख रुपये, ७ टक्के दर, दहा वर्षे आणि ३० टक्क्यांचा स्लॅब धरा. उपकर सोडून देऊ. मुदत ठेवीत दरवर्षी कर वजा जाता ४.९ टक्के सुटतात आणि दहा वर्षांनी सुमारे १६.१३ लाख होतात. फंडात तेच पैसे १९.६७ लाख होतात आणि ९.६७ लाखांच्या नफ्यावर अखेरीस ३० टक्के कर भरून सुमारे १६.७७ लाख हाती राहतात. तोच कर, तोच दर, आणि केवळ तो शेवटी भरल्यामुळे ६४ हजारांचा फरक. शिवाय कोणत्या वर्षी किती काढायचे हे आपल्या हाती असते. नोकरीत ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असलेला माणूस निवृत्तीनंतर खालच्या स्लॅबमध्ये पैसे काढू शकतो. अर्थात फंडाला मुदत ठेवीची शाश्वती नाही. त्यातील रोख्यांचे भाव व्याजदराबरोबर हलतात आणि एखादी कंपनी बुडाली तर त्याची झळ युनिटच्या किमतीला लागते. ठेवीला निदान ५ लाखांपर्यंत विम्याचे कवच आहे, ते फंडाला नाही.

मी स्वतः नियोजन करताना दराची सवलत शून्य धरतो आणि रचनेची सोय तेवढी मोजतो. सवलत टिकली तर वरकमाई.

वजाबाकी

हा निकष पटला. त्यात सुवर्ण रोखेही (सोन्याच्या भावाशी जोडलेले सरकारी कर्जरोखे) बसवून पाहावेत. नोव्हेंबर २०१५ ची पहिली मालिका २,६८४ रुपये ग्रॅमने निघाली होती आणि ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ६,१३२ रुपयांनी परत झाली. वर दरवर्षी व्याज, आणि मूळ खरेदीदाराला मुदतीअंती भांडवली नफ्यावर कर नाही. सरकारला हे कर्ज महाग पडले, म्हणून फेब्रुवारी २०२४ नंतर नवी मालिका आली नाही. त्याबद्दल अनेकजण नाराज आहेत, पण मला त्यात गैर काही दिसत नाही. नवी विक्री थांबवली, जुन्या धारकांचे वचन मोडले नाही. धागालेखकाला हवे असलेले पथ्य इथे पाळले गेले आहे.

काठावरचा

पूर्णपणे पाळले गेले असे म्हणवत नाही. त्याच २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्यावरचे आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणले आणि त्याच दिवशी देशातले सोन्याचे भाव उतरले. रोख्यांचे परतफेडमूल्य देशांतर्गत भावावरच ठरते. म्हणजे ज्याच्याकडून पैसे परत घ्यायचे, त्याच्याच हाती किंमत हलवण्याची कळ होती. शुल्ककपात या हेतूने झाली असे मी म्हणत नाही. तस्करीला आळा घालणे आणि दागिन्यांच्या उद्योगाला स्वस्त माल मिळणे ही कारणे होती आणि ती सबळ होती. त्यानंतर सोने इतके चढले की कोणाला त्या दिवसाची आठवणही राहिली नाही. तरीही कर न बदलता धोरण परताव्याला कसा हात लावते, याचा हा स्वच्छ नमुना आहे.

जुनी वही

ज्या संस्थेकडून पैसे येणे आहेत तिच्याच शब्दावर विसंबण्याचा विषय निघालाच आहे, तर जुलै २००१ मध्ये युनिट ट्रस्टच्या यूएस-६४ या योजनेची खरेदी-विक्री गोठवली गेली, तो प्रसंग तरुण सभासदांनी जरूर वाचावा. त्यात पैसे ठेवणाऱ्या बहुतेकांना ती सरकारी ठेवच वाटत होती.

प्रश्नचिन्ह

मी नुकताच निवृत्त झालो आहे आणि वरची चर्चा वाचून थोडा गोंधळलो आहे. निवृत्तिवेतन आणि व्याज मिळून माझे उत्पन्न वर्षाला सुमारे ७ लाख आहे, मी नव्या करप्रणालीत आहे आणि माझ्याकडे २०२३ पूर्वीची व नंतरची अशी दोन्ही प्रकारची डेट फंड युनिट्स आहेत. जुन्यांवर १२.५ टक्के आणि नव्यांवर स्लॅबप्रमाणे कर असेल, तर गरज पडेल तेव्हा मी जुनी युनिट्स आधी विकणे योग्य ठरेल, असा माझा समज आहे. तो बरोबर आहे का?

चक्रवाढ

आपल्या बाबतीत नेमके उलट आहे, आणि ही गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत निवासी व्यक्तीचे एकूण उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल, तर कलम ८७अ खालील सवलतीमुळे स्लॅबप्रमाणे येणारा कर शून्य होतो. ही सवलत विशेष दराने आकारल्या जाणाऱ्या करावर मात्र मिळत नाही, आणि जुन्या युनिट्सवरचा १२.५ टक्के हा विशेष दर आहे. नव्या युनिट्सचा नफा स्लॅबप्रमाणे करपात्र असल्यामुळे तो सवलतीत बसतो.

समजा, आपल्याला २ लाखांचा नफा होईल इतकी युनिट्स विकायची आहेत. ती २०२३ नंतरची असतील तर एकूण उत्पन्न ९ लाख होईल आणि कर शून्य. तीच २०२३ पूर्वीची असतील तर त्या २ लाखांवर १२.५ टक्क्यांनी २५,००० रुपये आणि वर उपकर. समभागांच्या नफ्याला असलेली सव्वा लाखाची सूट इथे नाही. ज्या दुरुस्तीला मार्च २०२३ मध्ये सगळ्यांनी शिव्या घातल्या, ती आज आपल्यासारख्या निवृत्त माणसाच्या पथ्यावर पडते, आणि जुना नियम वाचवण्यासाठी धावलेला माणूस कर भरतो.

मुद्दल

हे माझ्याही लक्षात आले नव्हते. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असलेल्याला अर्थातच जुनी युनिट्सच सोयीची. म्हणजे एकाच फंडाची एकाच घरातली युनिट्स मुलासाठी एका क्रमाने विकणे योग्य आणि वडिलांसाठी दुसऱ्या.

प्रश्नचिन्ह

मनःपूर्वक आभार. पण माझी जुनी आणि नवी युनिट्स एकाच योजनेत आणि एकाच फोलिओत (फंडातल्या खात्यात) आहेत, कारण मी तीच एसआयपी (ठरावीक हप्त्यांची गुंतवणूक) पुढे चालू ठेवली होती. मग नवी आधी विकायची कशी?

चक्रवाढ

त्या फोलिओतून तसे करता येणार नाही. जी युनिट्स आधी घेतली तीच आधी विकली गेली असे धरले जाते आणि हा क्रम प्रत्येक फोलिओपुरता असतो. म्हणून त्या फोलिओतली जुनी युनिट्स संपेपर्यंत नव्यांची पाळी येत नाही. एसआयपीचा प्रत्येक हप्ता ही वेगळी खरेदी असते, हेही ध्यानात ठेवावे. दुसऱ्या एखाद्या योजनेत २०२३ नंतरचीच युनिट्स असतील, तर नित्याच्या गरजेसाठी तिथून काढावे आणि यापुढची गुंतवणूक नव्या फोलिओत करावी. युनिट्स दुसऱ्या योजनेत किंवा रेग्युलरमधून (वितरकामार्फतच्या पर्यायातून) डायरेक्टमध्ये (थेट पर्यायात) वळवणे हीदेखील विक्रीच मानली जाते, तेव्हा तो मार्ग धरून कर टळत नाही.

आणखी एक सावधगिरी. जुनी युनिट्स एकाच वर्षात मोठ्या प्रमाणावर विकू नका. १२ लाखांची मर्यादा एकूण उत्पन्नाची आहे आणि त्यात हा विशेष दराचा नफाही मोजला जातो. आपल्या ७ लाखांवर साडेपाच लाखांचा नफा आला, तर नफ्यावरचा कर तर द्यावा लागेलच, शिवाय आज शून्य असलेला निवृत्तिवेतनावरचा करही उभा राहील. मार्चमध्ये काही आणि एप्रिलमध्ये काही असे दोन आर्थिक वर्षांत विभागून काढलेत तर हे टळते. विक्रीपूर्वी फंडाच्या निबंधकाकडून भांडवली नफ्याचे विवरण मागवून कोणती युनिट्स कोणत्या तारखेची आहेत ते पाहून घ्या, आणि रक्कम मोठी असेल तर सनदी लेखापालाला एकदा दाखवा.